ठरलेली मजुरी कमी करता येते काय?

(सभासद-शिक्षण पाठ)




या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची जोपासना, ठिबक, हुमणी असे विषय घेतो. या वेळचा विषय वेगळा आहे. पण तो शेताबाहेरचा आहे असे कुणी समजू नये.

गटसभा चालू असताना एका गावी एक वडीलधारे सभासद उठून म्हणाले, "साहेब, आमचं बिल लांबते. मंग कामगाराइचे पगार धा टक्के कापा ना. कारखाना आमचाच हाय." सभेत टाळ्या पडल्या. त्याच गावचा एक तरुण फिटर मागे बसला होता. तो सभासदाचाच मुलगा. तो शांतपणे म्हणाला, "काका, कारखाना तुमचा हाय हे खरं. पण करारानं ठरलेला पगार तुमच्या एकट्याच्या हातानं कापता येते काय, तेवढं साहेबाइनं सांगावं."

सभेने आमच्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर नेमके उत्तर त्या वेळी आमच्याजवळ नव्हते. घरी आल्यावर आम्ही कायदा वाचला, जाणकारांना विचारले आणि जे समजले ते या पाठात मांडले आहे.

१. आपण मालकही आहोत आणि मागणारेही

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सहकारी कारखान्यात मालक कुणी शेठ नसतो. भाग घेतलेला प्रत्येक सभासद मालकीत वाटेकरी असतो. म्हणून 'मालकाला पगार कापता येतो काय' हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा नाही, तो आपलाच आहे. शेतावर सालदार किंवा रोजंदार लावला की तेथेही मालक आपणच.

पण आपण नुसते मालक नाही. ऊस घातला की आपण मागणारे होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत मिळाले पाहिजेत आणि त्यापुढे उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज लागू होते. हे कलम आपण सर्वांना तोंडपाठ आहे. ठरलेल्या भावातून कुणी न विचारता टनामागे दहा रुपये वळते केले, तर आपण फाटकापर्यंत जातो आणि जावेच. मग ज्या न्यायाने आपण भाव मागतो, तोच न्याय मजुरी मागणाऱ्याला लावायचा की नाही? या पाठाचा गाभा एवढाच आहे.

२. मुंबईच्या गिरण्यांतील १९२५ सालचा धडा

मजुरी कपातीचे आपल्या राज्यातले एक मोठे उदाहरण मुंबईच्या कापड गिरण्यांचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली म्हणून गिरणी कामगारांना मूळ पगारावर महागाई भत्ता मिळू लागला होता. पुढे कापडाला मंदी आली. गिरणीमालकांनी १९२५ साली जाहीर केले की १ सप्टेंबरपासून भत्ता कमी होईल. भत्त्याचे नाव असले तरी हिशेब केला तेव्हा कामगाराच्या हातातला पगारच साडेअकरा टक्क्यांनी कमी होत होता.

सुमारे दीड लाख कामगारांनी काम थांबवले. त्यांतले बहुसंख्य रत्नागिरीकडचे आणि घाटावरचे, म्हणजे शेतकऱ्यांचीच पोरे. संप लांबला तसे पुष्कळजण गावी परतले आणि गावच्या भाकरीवर तगले. मालकांचे म्हणणे असे की, देशी कापडावर सरकारने १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी कर बसवला आहे, तो उठवला तर कपात मागे घेऊ. अखेर डिसेंबर १९२५ मध्ये सरकारने तो कर तहकूब केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि गिरण्या सुरू झाल्या.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, तोट्याचे कारण एकीकडे होते आणि त्याची वसुली दुसरीकडे होत होती. कर सरकारचा, मंदी बाजाराची आणि कपात मजुराच्या ताटात. दुसरी, पगाराला हात लावताना 'मूळ पगार तसाच आहे, फक्त भत्ता कमी केला' असे म्हणून सुटका होत नाही. घरात येतो तो एकूण पैसा.

त्या काळात गिरण्यांत आणखी एक चाल होती. कापडात खोट निघाली की ते कापड विणकराच्या गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत पगारातून कापायची. उशीर झाला की दंड, चूक झाली की दंड. ब्रिटिश सरकारने १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने या सर्वांची चौकशी केली. आपल्याकडचे कामगार पुढारी ना. म. जोशी त्या आयोगावर सभासद होते. आयोगाचा अहवाल १९३१ साली आला आणि त्याच्या पाठोपाठ १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला. मालकाला वाटेल ती कपात करण्यावर तेथे पहिला लगाम बसला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला.

३. आजचा कायदा काय म्हणतो?

ते जुने कायदे आता नव्या संहितांत सामावले आहेत. वेतन संहिता २०१९ सालची आणि औद्योगिक संबंध संहिता २०२० सालची. दोन्ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. नावे बदलली, पण मूळ तत्त्व तेच राहिले. ते समजायला सोपे आहे. मजुरीचे दोन भाग करावेत : झालेल्या कामाची आणि पुढच्या कामाची.

झालेल्या कामाची मजुरी म्हणजे कामगाराचे पैसे. ते आपल्या तिजोरीत असले तरी आपले नव्हेत. ती रक्कम मागे जाऊन कमी करता येत नाही. 'गेल्या महिन्यात गाळप कमी झाले, म्हणून गेल्या महिन्याचा पगार दहा टक्के कमी', हे चालत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत, आठवड्याचा आठवडी सुटीच्या आधी आणि रोजाची मजुरी काम सुटताना द्यावी लागते. नोकरी सुटली किंवा सोडली तर दोन कामकाजी दिवसांत हिशेब पुरा करावा लागतो.

पुढच्या कामाची मजुरी बदलता येते, पण गुपचूप नाही. कारखान्यासारख्या ठिकाणी पगार, भत्ते, पगाराची पद्धत अशा बाबींत कामगाराला उणे पडणारा बदल करायचा असेल, तर मालकाने आधी बदलाची नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यापासून २१ दिवस उलटल्याशिवाय बदल अमलात आणता येत नाही. हे कलम नवे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते १९५६ साली घातले गेले आणि नव्या संहितेतही ४० व्या कलमात कायम आहे. आता, २१ दिवस झाले की मोकळे, असेही नाही. कामगारांनी हरकत घेतली की तो औद्योगिक विवाद होतो आणि तडजोडीची बोलणी व निवाडा हा रस्ता लागतो. त्यात पगार करारावर आधारलेला असेल, तर कराराची मुदत चालू असताना एका बाजूने तो मोडता येत नाही. साखर कामगारांचे पगार आपल्या राज्यात बऱ्याच वर्षांपासून शासन, साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय करारांनी ठरत आले आहेत, हे येथे विसरू नये.

आणि या दोन्हींच्या खाली एक पक्की जमीन आहे : किमान वेतन. त्याखाली कुणीही, कुणाच्याही संमतीने जाऊ शकत नाही. 'तो स्वतःच कमी घ्यायला कबूल झाला' हे उत्तर कायद्यात टिकत नाही. दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बंद केलेली वेठबिगारीच होय. भुकेपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे, असा त्याचा अर्थ. शेतमजुरालाही किमान वेतन आहे. त्याचा चालू दर सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारून घ्यावा.

४. कोणती कपात चालते आणि कोणती नाही?

प्रत्येक वजावट बेकायदा नसते. खालील वजावटी चालतात, पण मापात.

(१) गैरहजेरी : जेवढे दिवस काम नाही तेवढ्याच दिवसांचा पगार वजा करता येतो. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांचा पगार कापता येत नाही.

(२) दंड : कोणत्या चुकीला दंड होतो हे आधी जाहीर केलेले असावे. दंड लावण्याआधी त्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे. एका पगारकाळातला एकूण दंड त्या काळातील पगाराच्या ३ टक्क्यांहून जास्त नसावा. ९० दिवस उलटून गेल्यावर तो वसूल करता येत नाही.

(३) नुकसानभरपाई : कामगाराच्या निष्काळजीपणाने माल किंवा अवजार बिघडले, तरच. तीही त्याचे म्हणणे ऐकल्यावर, आणि झालेल्या नुकसानीपुरतीच.

(४) उचल, कर्ज, भविष्यनिर्वाह निधी यांच्या वजावटी : नियमाप्रमाणे.

(५) सर्व मिळून वजावट पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये.

आणखी एक. पगार दिला की नाही असा तंटा झाला, तर दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. म्हणून वही, पावती आणि सही या तिन्ही गोष्टी मालकाच्याच फायद्याच्या आहेत.

५. कारखाना खरोखरच अडचणीत असेल तर?

हा प्रश्न रास्त आहे. दुष्काळी वर्षी ऊस नसतो, साखरेचा भाव पडतो, बँक हात आखडते. बंद पडलेल्या कारखान्याचे दुःख आपल्या जिल्ह्याला नवे नाही. दुसरबीडच्या जिजामाता सहकारी साखर कारखान्याची आठवण आपल्यापैकी पुष्कळांना आहे. कारखानाच बुडाला तर पगारही नाही आणि उसाला भावही नाही, हे दोन्ही बाजूंनी मान्य करावेच लागते.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निवाडा मार्गदर्शक आहे. क्राउन अ‍ॅल्युमिनियम वर्क्स या कंपनीच्या प्रकरणातला हा निवाडा १९५८ च्या निवाडापुस्तकांत छापलेला आहे. तो लिहिणारे न्यायमूर्ती आपलेच मराठी, प्र. बा. गजेंद्रगडकर. ते पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी तराजू दोन्ही बाजूंनी धरला. एकीकडे सांगितले की, जो उद्योग किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला चालण्याचा हक्क नाही. दुसरीकडे हेही सांगितले की, किमान वेतनाच्या वरचा पगार कधीच कमी होऊ शकत नाही असे नव्हे. आर्थिक अडचण खरी असेल, ती पुराव्याने दाखवली आणि न्यायाच्या दृष्टीने पटली, तर पगाराची रचना बदलता येते. म्हणजे अडचण असल्याचे मालकाने नुसते म्हणून भागत नाही. ती हिशेबाने दाखवावी लागते.

अडचणीत वागावे कसे, याचे एक जवळचे उदाहरण २०२० सालचे आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत राज्याची आवक आटली. मार्च महिन्याच्या पगाराबाबत ३१ मार्च २०२० रोजी राज्य शासनाने सूत्र जाहीर केले : लोकप्रतिनिधींचे ६० टक्के, अ आणि ब वर्गाचे ५० टक्के व क वर्गाचे २५ टक्के वेतन कमी द्यायचे, ड वर्गाला मात्र हात लावायचा नाही. या घोषणेने खळबळ उडाली. मग लगेच खुलासा झाला की ही कपात नव्हे, पगार दोन टप्प्यांत मिळेल. त्यातला धडा असा की, वरच्याने जास्त सोसायचे आणि सर्वांत खालच्याने काहीच नाही. शिवाय पैसे कापणे वेगळे आणि थोडे पुढे ढकलणे वेगळे.

खाजगी कारखान्यांसाठी केंद्राने २९ मार्च २०२० रोजी टाळेबंदीत पूर्ण पगार द्यावा असा आदेश काढला होता. तो १८ मेपासून मागे घेतला गेला. मधल्या दिवसांच्या पगाराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १२ जून २०२० रोजी न्यायालयाने मालक व कामगार यांनी एकत्र बसून बोलणी करावीत असे सांगितले. महामारीसारख्या संकटातही रस्ता बोलणीचाच निघाला, एकतर्फी कात्रीचा नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. तशी वेळ आलीच तर क्रम पुढीलप्रमाणे असावा. आधी ताळेबंद कामगारांच्या प्रतिनिधींपुढे उघडा ठेवावा. मग अनावश्यक खर्च थांबवावा. मग सुरुवात वरून करावी. बदलाच्या नोटिशीचे संरक्षण आम्हां अधिकारी मंडळींना कामगारांसारखे नाही, त्यामुळे ती सुरुवात आमच्यापासून झाली तर आमची तक्रार नाही. त्यानंतरही भागले नाही, तर कामगारांच्या लेखी संमतीने, ठरावीक मुदतीसाठी, परत देण्याच्या तारखेसह काही रक्कम पुढे ढकलावी. कापण्याचा विचार सर्वांत शेवटी, आणि तोही कायद्याच्या रस्त्याने.

६. पैसा गळतो कोठे, तेही पाहावे

१९२५ साली तोट्याचे कारण मजुरी नव्हते, हे वर पाहिले. आपल्याकडेही तोच तपास आधी करावा. हिशेबासाठी एक कल्पित कारखाना घेऊ. त्यात ४०० कामगार, सरासरी पगार महिना २०,००० रुपये. दहा टक्के कपात केली तर वर्षाला वाचतील ९६ लाख रुपये.

आता दुसरा हिशेब. तोच कारखाना हंगामात ३ लाख टन ऊस गाळतो. साखर उताऱ्यात फक्त ०.१० टक्क्याची वाढ झाली, तर ३०० टन म्हणजे ३,००० क्विंटल साखर जास्त निघते. केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरवलेला क्विंटलला ३,१०० रुपये हा किमान विक्री दर धरला तरी ९३ लाख रुपये होतात.

म्हणजे चारशे घरांच्या ताटातला दहावा घास काढून जे मिळते, जवळपास तेवढेच उताऱ्याच्या एका दशांशात आहे. आणि तो दशांश कुणाच्या हातात आहे? थोडा कारखान्याच्या आणि बराचसा आपल्या. तोडणीचा क्रम डावलून कोवळा ऊस पाठवणे, तोडलेला ऊस दोन-तीन दिवस बांधावर वाळवणे, पाचट व मुळ्यांसकट मोळी बांधणे, तोडणीच्या तोंडावर पाणी देऊन वजन वाढवणे, या सगळ्याने उतारा पडतो. तोडणीनंतर ऊस जितक्या लवकर गव्हाणीत पडेल तितकी साखर वाचते. पगार कापा म्हणण्याआधी आपली मोळी एकदा पाहावी, ही ऊस विकास विभागाची हात जोडून विनंती.

७. आपल्या बांधावर : सालदार आणि खाडा

कारखान्याचा हिशेब झाला. आता घरचा.

पाडव्याला किंवा अखजीला सालदाराचे साल ठरते. समजा १,५०,००० रुपये ठरले. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन पावसाने काळे पडले, कपाशीची बोंडे सडली. मालक म्हणतो, "औंदा पिकलंच नाही, वीस हजार कमी घे." नुकसान खरे आहे, त्याचे दुःखही खरे आहे. पण पीक आले असते तर आपण वीस हजार वाढवून दिले असते काय? नफ्यात ज्याचा वाटा नाही त्याच्या माथी तोटा मारता येत नाही. ठरलेले साल पुरे होईपर्यंत ठरलेला पैसा. पुढच्या पाडव्याला नवे बोलणे करावे, तेही किमान वेतनाच्या वरच. त्याचे तीन दिवस चुकले तर १,५०,००० भागिले ३६५, म्हणजे दिवसाला सुमारे ४११ रुपये. तीन दिवसांचे १,२३३. त्याहून एक रुपया जास्त कापू नये.

ऊसतोड मजुरांच्या खाड्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन हंगामांसाठी. टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ झाला. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने मिळून, दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरू. दोघांचे ७३२ रुपये, एकाचे ३६६. आता बाई तापाने एक दिवस कोपीत राहिली. टनावर मजुरी असल्याने तिचा त्या दिवसाचा पैसा आपोआपच गेला. वर मुकादम पाचशे रुपये खाडा लावतो. काही ठिकाणी तो हजारापर्यंत गेल्याचे वर्तमानपत्रांत आले आहे. म्हणजे हा गैरहजेरीचा हिशेब नव्हे, तो दंड झाला. वर सांगितलेली ३ टक्क्यांची मोजपट्टी लावून पाहा : २६ दिवस काम केले तर एका माणसाचे महिन्याला ९,५१६ रुपये होतात, त्याचे ३ टक्के म्हणजे सुमारे २८५. एका आजारी दिवसाचा खाडा महिन्याच्या पूर्ण दंडमर्यादेच्याही पुढे जातो. शिवाय हा पैसा उचलीत चढतो आणि पुढच्या हंगामालाही मानगुटीवर बसतो.

या मजुरांचा कायदेशीर मालक मुकादम की कारखाना, यावर वाद घातले जातात. पण त्याचे परिणाम कुणाच्या अंगावर उमटतात याविषयी वाद नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली, तेव्हा तपासणीतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या किंवा दुखण्याच्या दिवशी खाडा पडू नये, ही भीतीही त्यामागे असल्याचे त्या काळात बाहेर आले. मजुरी कापण्याची भीती माणसाला कोठवर नेते, याचा यापेक्षा वेगळा दाखला नको.

यावर काही सभासद म्हणतील, "तोडणीवाले आमच्याकडून खुशाली घेतात, त्याचं काय?" ती तक्रार खरी आहे आणि गट कार्यालयात ती जरूर नोंदवावी. पण एका गैरप्रकाराचा उतारा दुसरा गैरप्रकार नव्हे. आपल्या फडात आजारी बाईला खाडा लागत असेल, तर शेताचा मालक म्हणून मुकादमाला एक शब्द विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

८. ज्याचा पगार कापला त्याने काय करावे?

आपली मुले-मुली वाळूज, चाकण, पुणे, मुंबईकडे नोकरीला आहेत. हा भाग त्यांना वाचून दाखवावा.

(१) पगारपत्रक दरमहा मागून जपून ठेवावे. ते देणे मालकावर बंधनकारक आहे. बँकेच्या नोंदी, नेमणूकपत्र, हजेरीचा पुरावा हेही ठेवावे.

(२) कपात दिसताच कारण लेखी विचारावे. 'कमी पगार हरकत राखून घेत आहे' असे लेखी कळवावे. बरेच महिने गप्प राहिल्यास संमती होती असे म्हटले जाते.

(३) कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही करू नये.

(४) एकट्याने भांडण्यापेक्षा संघटनेमार्फत किंवा चार-पाच जणांनी मिळून बोलावे.

(५) तेथे न भागल्यास कामगार कार्यालयात अर्ज करावा. वेतन संहितेप्रमाणे दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे आणि थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो.

(६) रागाच्या भरात अचानक काम सोडू नये. दहा किंवा अधिक जणांनी नोटीस न देता, वाजवी कारणावाचून मिळून गैरहजर राहिल्यास आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची तरतूद कायद्यात आहे, हेही ठाऊक असावे.

तात्पर्य

झालेल्या कामाची मजुरी कापता येत नाही. पुढच्या कामाची बदलायची तर आधी सांगून, विचारून, नोटीस देऊन आणि हिशेब दाखवून. किमान वेतनाखाली कधीच नाही. दंड मापात, आणि तोही म्हणणे ऐकल्यावर.

त्या गावच्या काकांना आम्ही पुढच्या फेरीत हे सर्व वाचून दाखवले. ऐकून ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे साहेब, आमच्या बिलाले चौदा दिवस, तं त्याच्या पगाराले सात. सारखंच हाय." आम्ही म्हटले, "होय काका, सारखेच आहे." मग त्यांनी आपल्या सालदाराच्या खाड्यांची वही मागवली आणि आम्ही दोघांनी मिळून ती तपासली. तीन ठिकाणी दुरुस्ती निघाली. त्यांनी पैसे तेथल्या तेथे मोजून दिले.

सभासदांनी येत्या गटसभेला येताना आपापली वही सोबत आणावी. हिशेब करायला आम्ही आहोतच.

आपला,
ऊस विकास अधिकारी